नमुना

लामझिराला ऐकू येत नाही, हे आख्ख्या कुताइसीला ठाऊक.
तरी खिडकीवरची घंटा लोक वाजवत राहतात.
सवय, दुसरं काय.
ती भट्टीच्या तोंडात कमरेपर्यंत वाकलेली,
आतल्या भिंतीला कणीक थापत असते
आणि पाठ आमच्याकडे.
परवा एकानं लारीचं नाणं आत भिरकावलं,
तिच्या टाचेशी पडावं म्हणून.
मी रांगेत होतो. मला ते लागलं.

मी टीव्ही दुरुस्त करतो.
म्हणजे करायचो. आता टीव्ही कोण दुरुस्त करून घेतं?
त्यामुळे वेळ पुष्कळ, आणि भंगार वेळेहून जास्त.

पहिला नमुना अगदी सोपा :
फोनच टाकला तिच्या एप्रनच्या खिशात.
अकरा पाव निघेपर्यंत इमानानं थरथरला,
मग धगीनं बॅटरी टम्म फुगली.
लामझिरानं तो चिमट्यात धरून,
मेला उंदीर धरावा तसा,
माझ्या हातात दिला.

दुसऱ्यासाठी उसनवारी.
नदीकाठच्या जुन्या बाजारातून
तान्ह्या बाळाचं रडणं पलीकडच्या खोलीत पोचवणारी एक जोडी.
ग्वांत्साचा, म्हणजे तिच्या नातीचा, खेळून खेळून मोडलेला कंट्रोलर :
त्याच्या पोटात दोन मोटारी, मोटार आपटली की हाताला धक्का देणाऱ्या.
तडा गेलेला फोन खिडकीत, आणि त्यात
घोरणं मोजणारं एक फुकटचं ॲप.
(बायकोनं माझ्यासाठी घेतलं होतं. तो विषय नको.)

आवाज झाला की ॲपला वाटतं, कोणीतरी घोरलं.
ते शिटी मारतं.
शिटी बाळाच्या यंत्राला वाटते रडणं.
ते रडणं एप्रनपर्यंत जातं, तिथं
स्पीकर काढून मी मोटारी जोडल्यात :
एक डाव्या बरगडीखाली, एक उजव्या.
सायकलच्या ट्यूबची पट्टी, काडेपेटीचं टोपण,
वर ग्वांत्सानं घातलेले चार टाके.
म्हणजे प्रत्येकाची समजूत चुकीची
आणि निरोप मात्र बरोबर.

चालला!
फक्त घंटेला नाही, सगळ्यालाच थरथरायचा :
दुधाची गाडी, कुत्री, लग्नाच्या वरातीचे हॉर्न,
पावसात फुगलेली रिओनी.
उजवीकडचा जोड सैल, म्हणून बारीकसारीक आवाजाला
एकटी डावीच हलायची.
मला लाज वाटली. आपलं काम असं उघडं पडलेलं
मला बघवत नाही.

तीन रात्री बसलो.
ॲपच्या मागे आणखी एक प्रोग्राम लावला,
त्याला तीच एक घंटा दोनशे वेळा ऐकवली.
शेजारच्या बोंडोनं भिंतीवर बुक्क्या मारल्या.
जोड नव्यानं डाखला.
तिसरा नमुना : घंटा, आणि फक्त घंटा.
बाकी जग चिडीचूप.

चौथ्या दिवशी लामझिरा दुकानात आली.
एप्रन टेबलावर ठेवला,
पिठाच्या बोटानं फळीवर लिहिलं : मेलंय.

मी घंटा वाजवून दाखवली. एप्रन थरथरला.
तिनं मान हलवली. पुन्हा लिहिलं,
आधीचं पुसून, घाईघाईत :
सकाळी दूध येतं, ते आलं नाही.
नदी आली नाही.
तू खोकतोस, तो इथं यायचा,
आणि तिनं डाव्या बरगडीवर हात ठेवला.

मी सैल जोड पुन्हा सैल केला.
आयुष्यात पहिल्यांदा, मुद्दाम,
आणि जमेना लवकर.
चांगलं डाखलेलं उकलायला
डाखण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तिसरा नमुना खणात आहे. निर्दोष आहे.
कोणी विचारत नाही त्याला.

काल रात्री ढग गडगडले तेव्हा
समोरच्या खिडकीत दिवा लागला.
भट्टी तर कधीच विझलेली.
लामझिरा रात्रीच्या झग्यावर एप्रन बांधून
खुर्चीत ताठ बसली होती,
डोळे मिटून.
मी उगाच एकदा खोकलो.